राणीच्या हळदीकुंकवाचा ठराव

हे सगळं घडलं १९८९ साली, फेब्रुवारीच्या चार तारखेला. माझ्या लग्नाची तारीख मला दर वर्षी ह्यांना विचारावी लागायची आणि हेही चुकीचीच सांगायचे. ही तारीख मात्र कधी कुणाला विचारावी लागली नाही. ज्या दिवसाची लाज वाटते तो दिवस पक्का लक्षात राहतो, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा आम्ही गंगाखेडला राहत होतो. हे, म्हणजे माझे यजमान बन्सीधरराव, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि ह्यांच्या थोरल्या बहीण नर्मदाअक्का. अक्कांना ताडकळसला दिलं होतं. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन त्या माहेरी आल्या, त्या कायमच्या. शिक्षण सातवी, पण अक्षर असं की ह्यांच्या कचेरीतल्या टायपिस्टाने मान खाली घालावी. स्वयंपाकघर त्यांचं आणि बाकीचं घर माझं, अशी वाटणी कुणी न करताच झालेली होती.

गल्लीतला पहिला टीव्ही आमच्याकडे आला आणि त्याच वर्षी मी महिला मंडळाची अध्यक्ष झाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. अध्यक्ष झाल्यावर मी पहिलं समाजकार्य केलं ते म्हणजे परभणीहून रबरी शिक्का करून आणला. ‘सौ. चांगुणाबाई बन्सीधरराव गिराम, अध्यक्षा’. शिक्का चांगला ऐसपैस होता. पोस्टकार्डावर मारला की मजकुराला जागा उरत नसे. हे म्हणायचे, “दवाखान्यातल्या औषधाच्या चिठ्ठीवर तरी मारू नको बाई, डॉक्टर घाबरायलाय.”

दर गुरुवारी संध्याकाळी राणी रूपांबिकेची ऐतिहासिक मालिका लागायची. मालिका हिंदी, पण राणीचं काम करणारी नटी आपली मराठी. आमच्या पुढच्या खोलीत तीस-पस्तीस बाया दाटीवाटीने बसायच्या. डिसेंबरात त्या मालिकेतला राजा लढाईत पडला. समोरच्या बायनाबाईंनी ऊर बडवून घेतला. तीन घरांत त्या रात्री चूल पेटली नाही. आमच्या मंडळाच्या चिटणीस कोकिळाबाई तर घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेऊन आल्या.

“सुतक कशाचं ओ?” ह्यांनी विचारलं. “राजा काय आपल्या भावकीतला हाय का?”

“ज्याचं मीठ खाल्लं त्याचं सुतक पाळावं,” कोकिळाबाई म्हणाल्या.

“मीठ? त्याच्या आधी मिठाची जाहिरात लागते, तेवढंच!”

पुढच्या गुरुवारी प्रधानाने राणीला सांगितलं की कुंकू पुसा आणि मागच्या महालात जाऊन राहा. राणी उठली. चालत गेली आणि सिंहासनावर बसली. तेवढ्यात मला दिसलं की नर्मदाअक्का पुढे येऊन सतरंजीवर बसल्या आहेत. एरवी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, काहीतरी निवडत, जेवढं दिसेल तेवढं बघायच्या. आत दूध उतू गेल्याचा वास आला. मी म्हटलं, “अक्का, दूध!” त्या उठल्या नाहीत. मला राग आला. दुधाचा.

दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, “चांगुणा, ह्या बाईला पत्र लिहावं वाटायलंय.”

“लिहा की! मंडळाच्या कागदावर लिहा. हळदीकुंकवाला या म्हणून आमंत्रण पण टाका.”

त्यांनी दोन पानं लिहून आणली. “वाचून घे. मी आपलं मनातलं लिवलंय.”

मी घाईत होते. अध्यक्ष झाल्यापासून मी नेहमीच घाईत असायचे. “मनातलं असू द्या ओ, पत्ता बरोबर हाय ना?” असं म्हणून मी न वाचताच शिक्का उचलला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘नर्मदा’ असं लिहिलेलं होतं. शिक्का नेमका त्याच्यावर बसला. दुसरीकडे जागाच नव्हती. वर मी झोकात सही ठोकली.

आणि महिन्याभरात उत्तर आलं! परभणीला नाटकाचा प्रयोग करून चार तारखेला त्या लातूरला जाणार होत्या, वाटेत गंगाखेडला तासभर थांबणार होत्या. शेवटी लिहिलं होतं, ‘तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्हाला भेटायचंच आहे.’ हे ‘तुम्हाला’ म्हणजे मंडळाला, असं मी धरून चालले. मंडळ म्हणजे मी, हे तर मी आधीपासूनच धरून चालले होते.

अक्कांनी ते पत्र चुलीपुढे उभं राहून वाचलं. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, “मला दोन मिनिटं बोलायचंय ग त्यांच्याशी. एकटीला.”

“दोन काय, दहा मिनिटं देते. शब्द हाय माझा.”

त्या हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलेलं नव्हतं. हे लिहिताना माझा पेन इथे थांबला होता, पण गोष्ट पुढे न्यायला हवी.

आता तयारी. शेजारचे भुजंगराव हे सरकारी दवाखान्यातले रिटायर कंपाउंडर. खोकल्यापासून खटल्यापर्यंत सल्ला द्यायचे आणि दोन्हींना एकच काढा सांगायचे. ते म्हणाले, “राणी हाय. मोटारीतून उतरून पायी चालत आली तर गावाची इज्जत काय राहिली? घोडं पाहिजे.” घोड्याची जिम्मेदारी त्यांनी घेतली.

मी गेले छापखान्यात. छापखानेवाले सितारामजी चष्मा वर करून म्हणाले, “पाहुण्यांच्या नावाआधी काय लावू? सौ., श्रीमती का कुमारी?”

टीव्हीवर विधवा, म्हणजे श्रीमती. खरं लग्न झालंय का, ते कुणालाच माहीत नाही. लातूरच्या नाटकात त्या कुणाच्या तरी बायको आहेत, म्हणजे सौ. शेवटी सितारामजींनीच तोड काढली आणि ‘राणीसाहेब’ छापलं.

त्या ‘राणीसाहेब’ने पोलीस ठाण्यात घोटाळा केला. ते नामांतराच्या मोर्चांचे दिवस. चार माणसं जमवायची आणि कर्णा लावायचा म्हणजे दरखास्त द्यावी लागे. जमादारांनी पत्रिका दोनदा वाचली.

“कुठली राणी ओ?”

“रूपांबिका.”

“कुठल्या संस्थानची? संस्थानं तर कधीच खालसा झाली. निजाम गेला, त्याच्या मागून राणी कुठून आली?”

“टीव्हीतली.”

“तसं लिवा ना मग! राणी म्हटलं की मला वर कळवावं लागतंय, बंदोबस्त मागवावा लागतोय.” त्यांनी दरखास्तीवर ‘राणी (खरी नाही)’ असा शेरा मारला आणि हळूच विचारलं, “आमच्या मंडळींना पुढची खुर्ची मिळंल का?”

पण खरा पेच पडला मंडळाच्या बैठकीत. कोकिळाबाईंनी विषय काढला, “हळदीकुंकवाला बोलावलंय खरं, पण राजा जाऊन अजून दोन महिने झाले न्हाईत. तिला कुंकू लावायचं कसं?”

हसू नका. त्या दिवशी आम्ही कुणीही हसलो नाही. दीड तास चर्चा झाली. एक म्हणाली, ती नटी आहे, खरी विधवा नाही. दुसरी म्हणाली, मग आपण सुतक खोटं पाळलं का? भुजंगरावांना मत विचारायला बोलावलं. ते म्हणाले, “गुरुवारी येती तर लावू नका. शनवारी येयलीय आणि शनवारी रात्री लातूरच्या नाटकात तिचा नवरा जिता हाय. बिनधास्त लावा.” मतदान झालं. नऊ विरुद्ध चार मतांनी ठराव पास झाला की राणी रूपांबिका यांना विशेष बाब म्हणून कुंकू लावण्यात यावं. मी तो वहीत लिहिला आणि शिक्का मारला.

नर्मदाअक्का चहाचे कप गोळा करत होत्या. म्हणाल्या, “एवढं बसलाच हायत तर माझ्यावर बी एक ठराव घ्या की.”

सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत मोठ्याने.

चार तारीख उजाडली. शाळेच्या पटांगणात मांडव, मागे पडदा, पडद्यामागे चुली. अक्का सकाळपासून तिथे. मी जाऊन सांगितलं, “अक्का, हळदीकुंकू आटपू द्या, मग तुमाला पुढं बोलावते. आधी आलात तर कुणी काहीबाही बोललं तर?”

“मला कशाला सांगायलीस ते,” त्या म्हणाल्या. “बत्तीस वर्षं झाली, मला पाठ हाय.” त्या दिवशी त्यांनी पेटीतलं निळ्या काठाचं इंदुरी लुगडं काढून नेसलं होतं आणि त्यावर भजी तळत होत्या.

चारला यायची मोटार सहाला आली. तोवर भुजंगरावांचं घोडं उभं होतं. ते वरातीचं घोडं. बँड वाजल्याशिवाय पाऊल टाकत नसे, आणि बँडसाठी वेगळी दरखास्त हवी होती. उभ्या उभ्या त्याने स्वागताचा हार खाल्ला, झेंडूचा, आतल्या दोऱ्यासकट. आता दुसरा हार आणायचा कुठून? शाळेच्या हॉलमध्ये दिवंगत संस्थापकांच्या तसबिरीला नवा हार होता. भुजंगराव खुर्चीवर चढले. त्यावर जास्त लिहीत नाही.

मोटारीतून एक सडपातळ बाई उतरली. सलवार कमीज, काळा चष्मा, मानेपर्यंत कापलेले केस. गर्दी तिच्या पलीकडे बघत राहिली.

“ही न्हाई,” बायनाबाई मोठ्याने म्हणाल्या. “हिच्या मागून राणी उतरंल.”

“मावशी, हीच हाय!”

“अग बाई! केस कुठं गेले? राजाच्या मागं कापले काय?”

मी संस्थापकांचा हार घालून त्यांचं स्वागत केलं. हळदीकुंकवाचं तबक पुढे केलं. नऊ विरुद्ध चार मतांनी मिळालेला तो मान. त्या हात जोडून म्हणाल्या, “रागावू नका हं, मला कुंकवाची ॲलर्जी आहे. कपाळ सुजतं. पुडीत द्याल का?” कोकिळाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या चार विरोधी मतांपैकी एक त्यांचं होतं.

मग भाषणं. शेवटी राणीबाई उठल्या. पर्समधून त्यांनी कागद काढला. आमच्याच मंडळाचा.

“मी इथे का आले ते सांगते,” त्या म्हणाल्या. “हे पत्र तुमच्या अध्यक्षांनी मला लिहिलंय. बाई, वाचू का?”

“वाचा की!” मी म्हटलं. मांडवभर नजर फिरवली. पहिल्या रांगेत हे सफारी घालून बसले होते, जमादारांच्या मंडळींशेजारी.

त्या वाचू लागल्या. “‘राणीसाहेबांना नमस्कार. मी बाविसाव्या वर्षी विधवा झाले.’”

पहिली रांग ह्यांच्याकडे वळली. हे सुपारी चघळत होते, ते थांबले.

“‘त्या दिवसापासून मी पुढच्या खोलीत बसलेली नाही. कुणी बसू नको म्हणालं नाही आणि कुणी बस म्हणालं नाही. तुमची मालिकासुद्धा मी उंबऱ्यावरून बघते. तिथून टीव्ही अर्धाच दिसतो. राजा दिसतो, तुमचं सिंहासन भिंतीआड जातं. ज्या दिवशी तुम्ही त्याच्यावर बसलात त्या दिवशी मला राहवलं नाही. मी पुढे येऊन बसले. चुलीवर दूध होतं. ते उतू गेलं. जाऊ दिलं.’”

मग बायनाबाईंचा आवाज आला, “ही विधवा, तर मंग सफारीतलं ते कोन बसलंय?”

मांडव फुटला. पोरं बाकांवर चढली. “अग बाई, दुसरेपणाचं म्हणावं का काय?” असं कोकिळाबाई कुजबुजल्या, तेही माइकसमोर. हे अर्धवट उठले, स्वतःकडे बघून पुन्हा बसले. राणीबाईंनी माझ्या कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू आत्ता नीट पाहिलं आणि त्या गोंधळल्या.

मी उठले. माइक हातात घेतला. म्हणायचं होतं ते सोपं होतं. हे पत्र माझं नाही, माझ्या नणंदेचं आहे. त्या पडद्यामागे भजी तळायल्यात. बोलावते. एवढंच.

मी म्हणाले, “भगिनींनो, हे पत्र मी आपल्या भागातल्या समस्त विधवा भगिनींच्या वतीने, त्यांच्या भूमिकेत शिरून लिहिलं आहे.”

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की घोडं दचकून चार पावलं चाललं. राणीबाईंनी मला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “लेखिका आहात तुम्ही,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या अंगावरची शाल माझ्या खांद्यावर घातली. सगळ्यांत जोरात टाळ्या ह्यांनी वाजवल्या. माणूस जिवंत निघाल्याचा आनंद होता तो.

पडद्यामागे भजी तळायचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

मोटारीजवळ चहा दिला. ट्रे घेऊन अक्काच आल्या. राणीबाईंनी घोट घेतला.

“वा! कुणी केलाय?”

“मीच केलाय,” अक्का म्हणाल्या.

“काय घातलंय?”

“गवती चहा.”

मी हातभर अंतरावर उभी होते. अंगावर ती शाल होती. अजूनही वेळ होती. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, “चहावाल्या बाई मधी येयल्यात. बाजूला व्हा ओ.” आणि माझ्या उघडलेल्या तोंडातून आलं ते हे, “अक्का, जरा सरका.”

अक्का सरकल्या. फोटो निघाला. मोटार गेली.

घरी आल्यावर हे रागावले नाहीत, उलट आरशात स्वतःला बराच वेळ न्याहाळत बसले. मी स्वयंपाकघरात गेले. अक्कांनी लुगडं बदललं होतं आणि निळ्या काठावरचे तेलाचे डाग बेसन लावून चोळत होत्या. मी काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, “अक्का, गडबडीत दोन मिनिटं काही जमली न्हाईत बघा.”

“जमली की,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “चहा प्यायला त्यांना पाच मिनिटं लागली.”

त्या यापलीकडे एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. भांडल्या असत्या तर मी भांडले असते. भांडणात मी कुणाला हार जात नसे.

पुढे भुजंगरावांनी घोड्याच्या गोष्टीत दर वर्षी भर घातली. शेवटी शेवटी तर राणी त्यावर बसून गोदाघाटापर्यंत गेली होती. ते ९३ साली गेले. सितारामजींचा छापखाना मुलाने मोडला, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. कोकिळाबाई माझ्यानंतर अध्यक्ष झाल्या आणि त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःचा शिक्का केला, माझ्यापेक्षा मोठा. बायनाबाई नव्वदीपर्यंत जगल्या आणि हे भेटले की न चुकता म्हणायच्या, “हायसा ना?” जमादार बदलून जिंतूरला गेले. मालिका त्याच वर्षी संपली. त्या नटीबाई पुढे परदेशी गेल्या, असं पेपरात वाचलं. पत्ता दिलेला नव्हता.

नर्मदाअक्कांनी पत्रं लिहिणं सोडलं नाही. आमच्याकडची माणसं ऊसतोडीला गेली की मागे राहिलेल्या म्हाताऱ्या त्यांच्याकडे यायच्या. गोजरबाई, कडूबाई, तानुबाई. अक्का त्यांचं ऐकून लिहायच्या, वाचून दाखवायच्या आणि खाली त्यांच्याच हातचा अंगठा घ्यायच्या. मी एकदा म्हटलं, “अक्का, ठसा कशाला, नाव टाका की.” त्या म्हणाल्या, “ज्याचं पत्र त्याचा हात पाहिजे.” त्या ९६ साली गेल्या. मी त्यांची माफी मागितली नाही. मागायची ठरवायचे आणि त्या समोर आल्या की भाजी काय करायची ते विचारायचे.

हे २००४ साली गेले. पुढच्या संक्रांतीला परभणीला मुलाच्या घरी सुनेने हळदीकुंकू केलं. दुपारपासून बाया येऊ लागल्या. मला कुणी काही म्हटलं नव्हतं, तरी माझे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे गेले. मी तिथे पाटावर बसून वाणाच्या पुड्या बांधू लागले. दारातून पुढची खोली दिसत होती, अर्धीच. थोड्या वेळाने सून आत डोकावली आणि म्हणाली, “आई, इथं काय करायलात? बाहेर या, खुर्ची ठेवलीय.”

तिला घाई होती. म्हणून ती लगेच वळून गेली. तिच्या दृष्टीने ते काही बोलणंच नव्हतं.

मी बाहेर जाऊन खुर्चीवर बसले. शेजारच्या बाईंनी तिळगूळ दिला आणि विचारलं, “डोळ्यांना काय झालं?” मी म्हटलं, “काही न्हाई, आत धूर हाय.” गॅसच्या शेगडीचा.